सोनं कुठे अडलंय, ते आधी टेलिंगला विचारा

सोन्याच्या प्लांटवर रिकव्हरी, म्हणजे धातुकातल्या सोन्यापैकी हाती येणारा वाटा, दोन-तीन टक्क्यांनी घसरली की सगळ्यांचा हात आधी सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडच्या व्हॉल्व्हकडे जातो. डोस वाढवा, टाक्यांतला वेळ वाढवा, दळण बारीक करा. मी खनिज-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. अशा दिवसांत माझ्या टेबलावर फीडचं, म्हणजे आत जाणाऱ्या धातुकाचं, सॅम्पल येऊन पडतं आणि सोबत चिठ्ठी असते: ‘काय बिघडलंय ते बघून सांगा.’ मी फीडचं पाकीट बाजूला ठेवते आणि टेलिंग, म्हणजे सोनं काढून झाल्यावर प्लांटमधून बाहेर पडणारा माल, मागवते. फीडमध्ये सगळंच सोनं असतं, सहज सुटणारंही. जे हाती आलं नाही ते टेलिंगच्या गाळात बसलेलं असतं, आणि ते का आलं नाही याचा पुरावा त्याच्याच अंगाला चिकटलेला असतो.

माझ्या लेखी खनिज-तपासणी म्हणजे हरवलेल्या सोन्याची जमाखर्चाची वही. टेलिंगच्या अ‍ॅसेमध्ये (सोनं मोजण्याच्या तपासणीत) जेवढं सोनं दिसतं, तेवढं सगळं कुठल्या ना कुठल्या खात्यावर मांडता आलं पाहिजे: इतकं सुटं, इतकं क्वार्ट्‌झमध्ये कोंडलेलं, इतकं पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजामध्ये, इतकं धातुकातल्याच कार्बनने धरलेलं. ताळा जुळेपर्यंत प्लांटमधल्या कशालाही हात लावू नये, हे मी एका चुकीतून शिकले. ती चूक पुढे सांगते.

सॅम्पल

एका शिफ्टची बादली घेऊन काम सुरू करू नका. निदान दोन-तीन आठवड्यांची शिफ्टवार सॅम्पल एकत्र करा आणि तेवढ्या काळात कुठलं धातुक मिलमध्ये गेलं ते खाणीच्या भूवैज्ञानिकाला विचारून लिहून ठेवा. ऑक्साइड (हवापाण्याने गंजलेलं) आणि सल्फाइड (गंधकाची खनिजं असलेलं) धातुक एकाच पोत्यात गेलं तर पुढचं सगळं काम वाया जातं.

गाळाबरोबर पाणीही येतं, आणि त्या पाण्यात विरघळलेलं, पण ते टिपायला टाक्यांत घातलेल्या सक्रिय कार्बनवर न चढलेलं सोनं असू शकतं. ते खनिजाने अडवलेलं नाही. तो कार्बनच्या टाक्यांचा प्रश्न आहे, त्याचा इलाजही तिथेच. म्हणून आधी गाळून घ्या, पाण्याचा अ‍ॅसे वेगळा करा आणि घन भाग तीन-चार वेळा नीट धुवा. न धुतलेल्या केकवरून, म्हणजे गाळून उरलेल्या घन थरावरून, ‘धातुक हट्टी आहे’ असा निष्कर्ष काढलेला मी पाहिला आहे. केक सुकवताना ओव्हन ६०-७० अंशांच्या वर नेऊ नका. जास्त तापला तर पिरोटाइटसारखी सल्फाइडं हवेने गंजतात, आणि मग तुम्ही टेलिंग तपासत नाही, ओव्हनमध्ये तयार झालेला माल तपासता.

माल वाटताना चमच्याने वरचा वर उचलू नका. फिरता स्प्लिटर, म्हणजे माल सारख्या भागांत वाटणारं यंत्र, वापरा. हा आग्रह का, ते हिशेबाने कळतं. १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) व्यासाच्या शुद्ध सोन्याच्या गोळ्याचं वजन साधारण १० मायक्रोग्रॅम भरतं. टनाला १ ग्रॅम सोनं असलेल्या मालाचे ३० ग्रॅम भट्टीत वितळवून सोनं मोजणाऱ्या फायर अ‍ॅसेला घेतले, तर त्यात सोनं असतं एकूण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे असे तीन कण. तीनाऐवजी दोन आले तर निकाल ०.६७, चार आले तर १.३३. माल तोच, भट्टी तीच, हातही तोच. तेच सोनं १० मायक्रॉनच्या कणांत विखुरलेलं असेल तर त्या ३० ग्रॅममध्ये तीन हजार कण येतात आणि निकाल हलत नाही. म्हणून सोनं जाडं असल्याची शंका आली की स्क्रीन फायर अ‍ॅसे करा: किलोभर माल १०६ मायक्रॉनच्या चाळणीवर घ्या, वर राहिलेला सगळाच्या सगळा भट्टीत घाला आणि खालच्या मालाचे दोन स्वतंत्र अ‍ॅसे करा. वरच्या भागाचा आकडा खालच्यापेक्षा फार जास्त निघाला, तर सोनं जाडं आहे एवढं तिथेच कळलं.

चाळणी सगळ्यात आधी

सूक्ष्मदर्शकापाशी जाण्याआधी टेलिंग ओलं चाळा आणि प्रत्येक थराचा वेगळा अ‍ॅसे करा. या कामाला फार यंत्रसामग्री लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मं उत्तर इथेच मिळतं.

समजा, फीडमध्ये टनाला ४ ग्रॅम आणि टेलिंगमध्ये ०.८ ग्रॅम सोनं आहे, म्हणजे रिकव्हरी ८० टक्के. चाळल्यावर असं दिसलं: १०६ मायक्रॉनच्या वर १२ टक्के माल, त्यात टनाला १.९ ग्रॅम. ७५ ते १०६ मध्ये १५ टक्के माल, १.१ ग्रॅम. ३८ ते ७५ मध्ये २५ टक्के, ०.६ ग्रॅम. ३८ च्या खाली ४८ टक्के, ०.५४ ग्रॅम. आता प्रत्येक थराचं वजन आणि त्याचा अ‍ॅसे यांचा गुणाकार करा. सगळ्यात वरचा थर वजनाने जेमतेम आठवा हिस्सा, पण हरवलेल्या सोन्यातलं २८ टक्के त्यात आहे. सगळ्यात खालचा थर अ‍ॅसेला गरीब दिसतो, तरी वजन मोठं असल्याने ३२ टक्के सोनं तोच घेऊन बसलाय. इथे दोन वेगळे आजार आहेत. नुसतं दळण बारीक करून पहिला बरा होईल, दुसरा होणार नाही, कदाचित वाढेलही.

जाड थरात सोनं असेल तर ते कोंडलेलं असतं, किंवा सुटं पण इतकं जाडं की टाक्यांमधल्या वेळात पूर्ण विरघळत नाही. बारीक थरात असेल तर पृष्ठभागावर थर चढलेला असतो, कार्बनने ते परत ओढलेलं असतं, फ्लोटेशनमध्ये (बुडबुड्यांवर खनिज तरंगवून वेगळं करताना) चिखलाबरोबर वाहून गेलेलं असतं, किंवा सल्फाइडच्या आतच असतं. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. पायराइट क्वार्ट्‌झच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. दळलेला माल जाडा-बारीक वेगळा करणारं सायक्लोन त्याला पुन्हा पुन्हा मिलकडे परत पाठवतं आणि ते क्वार्ट्‌झपेक्षा जास्त दळलं जातं. त्यामुळे पायराइटमध्ये कोंडलेलं सोनं बारीक थरात सापडतं, आणि ‘बारीक आहे म्हणजे सुटंच असणार’ असं वाटून माणूस चुकतो.

पायरीपायरीने विरघळवून पाहणं

याला डायग्नॉस्टिक लीचिंग म्हणतात. एकाच सॅम्पलवर आधी सायनाइड, मग सौम्य आम्लापासून कडक आम्लापर्यंत एकेक आम्ल, आणि प्रत्येक आम्लानंतर पुन्हा सायनाइड. प्रत्येक आम्ल काही ठरावीक खनिजं मोडतं, आणि त्यांनी कोंडलेलं सोनं पुढच्या सायनाइडमध्ये येतं. हायड्रोक्लोरिक आम्ल कॅल्साइट आणि पिरोटाइट मोडतं. नायट्रिक पायराइट आणि आर्सेनिक असलेलं आर्सेनोपायराइट मोडतं. कार्बनने धरलेलं सोनं भाजून किंवा असिटोनायट्राइलने सोडवून मोजतात. शेवटी जे उरतं ते क्वार्ट्‌झ आणि इतर सिलिकेटांत कोंडलेलं धरतात आणि फायर अ‍ॅसेने मोजतात.

इथे थांबून एक गोष्ट काळजीने वाचा. सायनाइडनंतर आम्ल घालायचं असतं, आणि केकमध्ये सायनाइड उरलं असेल तर आम्ल पडताच हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. त्याने माणूस मरतो. केक आधी अल्कधर्मी पाण्याने, मग साध्या पाण्याने धुवा, शेवटच्या धुण्यात सायनाइड उरलं नाही हे चाचणीने खात्री करून घ्या, आणि मगच आम्लाची बाटली उघडा, तीही चालू फ्यूम हुडखाली, वायूचा अलार्म चालू ठेवून. एकट्याने कधीही नाही. नायट्रिकच्या पायरीला तपकिरी धूर निघतो, तोही फुप्फुसांना घातक. माझ्या प्रयोगशाळेत ही पायरी संध्याकाळी, लोक घाईत असताना, कधीच सुरू होत नाही.

वरच्याच उदाहरणात ०.८ ग्रॅमची फोड अशी निघाली असं धरू: थेट सायनाइडमध्ये ०.१०, हायड्रोक्लोरिकनंतर ०.०४, नायट्रिकनंतर ०.४६, कार्बनवरचं ०.०५, उरलेलं ०.१५. पहिलं ०.१० ग्रॅम हे प्लांटच्या टाक्यांतच यायला हवं होतं. वेळ, प्राणवायू किंवा डोस कमी पडला. ते फीडच्या अडीच टक्के आहे आणि जवळजवळ फुकटात मिळण्यासारखं आहे, म्हणून आधी तेच मिळवा. नायट्रिकचं ०.४६ फीडच्या साडेअकरा टक्के. मोठा घास आहे, पण त्यासाठी सल्फाइड मोडावं लागेल, आणि तो निर्णय एका सॅम्पलवर घ्यायचा नसतो.

या पद्धतीची एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. क्वार्ट्‌झच्या पोटात पायराइट आणि त्या पायराइटच्या पोटात सोनं असेल, तर आम्ल तिथे पोचतच नाही. ते सोनं ‘क्वार्ट्‌झ’ या खात्यावर पडतं. म्हणून आम्लाचा निकाल डोळ्यांनी पडताळावा लागतो.

डोळ्यांनी पाहणं

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला माल रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, बसवून त्याचा ब्लॉक करतात. ३० मिलिमीटर व्यासाच्या पॉलिश केलेल्या ब्लॉकचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. टनाला २ ग्रॅम सोन्याच्या मालाने तो ब्लॉक रेझिनशिवाय, गच्च भरला असं धरलं, तरी सगळं मिळून सोनं दिसेल सुमारे २०० चौरस मायक्रॉन. १० मायक्रॉनचे दोन-तीन कण. प्रत्यक्षात बरीच जागा रेझिन खातं, तेव्हा एखादाच कण हाती लागतो, आणि एका कणावरून प्लांट चालवता येत नाही. म्हणून आधी सोनं एकवटावं लागतं: सोडियम पॉलिटंग्स्टेटसारख्या जड द्रवात बुडवून किंवा प्रयोगशाळेतल्या लहान शेकिंग टेबलवर. तळाला बसलेला जड भाग ब्लॉकसाठी घ्या, पण तरंगलेला भाग टाकू नका, त्याचाही अ‍ॅसे करा. १०० मायक्रॉनच्या क्वार्ट्‌झमध्ये ५ मायक्रॉनचं सोनं कोंडलेलं असेल तर तो कण बुडत नाही. नुसता जड भाग पाहिलात तर ते सोनं तुमच्या वहीत येणारच नाही.

रेझिन ओतल्यावर जड कण तळाशी जातात. तयार ब्लॉक उभा कापून, वळवून पुन्हा रेझिनमध्ये बसवा, म्हणजे हलके-जड सगळे एका चेहऱ्यावर येतात. पॉलिश हलक्या हाताने करा. सोनं मऊ असतं, जोर लावला तर शेजारच्या खनिजावर पसरतं आणि ५ मायक्रॉनचा कण ८ मायक्रॉनचा दिसतो.

परावर्तित प्रकाशाखाली सोनं एकदा ओळखता आलं की विसरत नाही. पायराइट फिकट पिवळसर पांढरं, कडक, काठ उठून दिसणारं. चाल्कोपायराइट हे तांब्याचं खनिज एकटं असताना सोन्यासारखं वाटतं, पण खरं सोनं शेजारी आलं की ते एकदम हिरवट आणि मळकं दिसतं. सोन्यावर बारीक ओरखडे असतात आणि त्याची झळाळी अशी की भोवतालची सगळी खनिजं मंद वाटतात. चांदी जास्त असेल, म्हणजे इलेक्ट्रम असेल, तर रंग पांढऱ्याकडे झुकतो. नवख्याला मी आधी चाल्कोपायराइटच दाखवते आणि सोनं मागाहून.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोनं पांढरंशुभ्र चमकतं, कारण त्याचा अणुअंक ७९ आहे. गॅलेनाही तसंच चमकतं, त्यातल्या शिशाचा ८२. म्हणून चमकणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचा ईडीएस वर्णपट (कणातली मूलद्रव्यं सांगणारा क्ष-किरणांचा आलेख) घ्या. स्वयंचलित यंत्र असेल तर शोधाचं पाऊल बारीक ठेवा, नाहीतर २-३ मायक्रॉनचे कण पावलांच्या मधून निसटतात.

सापडलेल्या प्रत्येक कणामागे एक ओळ लिहा: लांबी-रुंदी, घडण, जोडीदार खनिज, आणि कडेचा किती भाग उघडा आहे. सायनाइडला नखाएवढी उघडी जागाही पुरते. फ्लोटेशनला बरीच जास्त लागते. ग्रॅव्हिटीला, म्हणजे जडपणावरून वेगळं करण्याला, कण जवळपास पूर्ण सुटा हवा. एकच कण तीन यंत्रांसाठी तीन वेगळ्या खात्यांत जातो. आणि कण मोजू नका, वजन मोजा. ५० मायक्रॉनचा एक कण १० मायक्रॉनच्या १२५ कणांइतका जड असतो. ‘नव्वद टक्के कण कोंडलेले’ असं अहवालात वाचलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: कण की वजन?

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका प्लांटच्या टेलिंगचे दोन ब्लॉक मी पाहिले. एक चित्र अजून डोळ्यांसमोर आहे: आर्सेनोपायराइटचा हिऱ्याच्या आकाराचा चौकोन, मधून गेलेला तडा आणि तड्याच्या टोकाला ५-६ मायक्रॉनचा सोन्याचा थेंब, चारी बाजूंनी बंद. तसे आणखी काही थेंब सापडले. मी लिहून दिलं: दळण बारीक करा, तडे उघडतील. त्यांनी केलं. मिलची वीज वाढली, सायनाइडचा खप वाढला, टेलिंग जिथे होतं तिथेच राहिलं. त्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि मी ताळा न करता सल्ला दिला होता. दिसलेल्या थेंबांचं वजन जोडलं असतं तर हरवलेल्या सोन्याचा मोठा भाग त्यांत बसत नाही हे त्याच दिवशी कळलं असतं.

नंतर आर्सेनोपायराइटचे कण, लेझरने कणाचा अंश उडवून त्यातलं सोनं मोजतात त्या लेझर अ‍ॅब्लेशनला पाठवले. सोनं त्याच्या स्फटिकजाळीतच होतं. याला अदृश्य सोनं म्हणतात. कुठल्याही प्रकाशाखाली ते दिसत नाही आणि दळणाने सुटत नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात सापडलेल्या कार्लिन साठ्याचं सोनं अशाच घराण्यातलं, आर्सेनिक असलेल्या पायराइटमधलं. हिशेब साधा आहे: टेलिंगमध्ये १ टक्का आर्सेनोपायराइट असेल आणि त्यात दशलक्षात ५० भाग सोनं असेल, तर तेवढ्यानेच टनाला ०.५ ग्रॅमचा खुलासा होतो. आता आर्सेनोपायराइट किंवा आर्सेनिकवालं पायराइट दिसलं की हे मोजमाप करून घेतल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.

निदानावरून इलाज

क्वार्ट्‌झमध्ये कोंडलेलं, जाड थरातलं सोनं असेल तर दळण बारीक करा, आणि त्याआधी सायक्लोन नीट वेगळं करतंय का ते बघा. पुष्कळदा जाडा माल सायक्लोनच्या गळतीतून येतो आणि मिल बिचारी ठीक असते. सुटं जाडं सोनं असेल तर सायक्लोनच्या अंडरफ्लोवर, म्हणजे खालून निघणाऱ्या जाड मालावर, सेंट्रिफ्यूगल ग्रॅव्हिटी कॉन्सन्ट्रेटर बसवा. सोनं इतकं जड की ते मिलच्या फेऱ्यातच घुटमळत राहतं, ते तिथूनच उचलावं.

पायराइटमध्ये बारीक पण दिसणारं सोनं असेल तर सगळा माल दळत बसू नका. सल्फाइड फ्लोट करा आणि तेवढंच कॉन्सन्ट्रेट (तरंगून एकवटलेला माल) १०-२० मायक्रॉनपर्यंत दळून पाहा. अदृश्य असेल तर भाजणी, प्रेशर ऑक्सिडेशन किंवा जिवाणूंकडून ऑक्सिडेशन, यांपैकी काहीतरी लागेलच. भाजणीत तापमान हाताबाहेर गेलं तर तयार होणारं हेमॅटाइट घट्ट होऊन सोन्याला पुन्हा कोंडतं, म्हणून भाजलेला मालही ब्लॉक करून पाहा.

सोनं उघडं आहे तरी विरघळलेलं नाही, हे सगळ्यात विचार करायला लावणारं चित्र. कडेला लोहाच्या ऑक्साइडचा पापुद्रा आहे का? ते सोनं शुद्ध आहे की टेल्युराइड, म्हणजे टेल्युरियमशी जुळलेलं? कालाव्हेराइटसारखी टेल्युराइडं सायनाइडमध्ये फार सावकाश विरघळतात. अँटिमनीबरोबरचं ऑरोस्टिबाइटही तसंच. शेजारी पिरोटाइट असेल तर ते टाक्यांतला प्राणवायू खातं. सायनाइडच्या आधी चुना घालून हवा सोडण्याची टाकी ठेवली तर बराच फरक पडतो. स्टिबनाइट (अँटिमनीचं खनिज) असेल तर पीएच चढवू नका, जास्त पीएचला ते विरघळतं आणि सोन्यावर थर चढवतं. चाल्कोसाइट, कोव्हेलाइट, मॅलाकाइट यांतलं तांबं सायनाइड भराभर गिळतं, चाल्कोपायराइट मात्र फारसं नाही. म्हणून ‘तांबं इतके टक्के’ हा आकडा पुरत नाही, तांबं कुठल्या खनिजात आहे ते सांगावं लागतं.

आणि कार्बन. धातुकातला सेंद्रिय कार्बन विरघळलेलं सोनं परत ओढून घेतो. अशा धातुकात सायनाइडची वेळ वाढवली तर रिकव्हरी उतरते, हीच त्याची खूण. बाटलीत सायनाइडची चाचणी लावून २, ८, २४ आणि ४८ तासांचे नमुने घ्या. द्रावणातलं सोनं वर चढून पुन्हा खाली येत असेल तर कार्बन आहे. पहिल्या टाकीपासूनच सक्रिय कार्बन घालून पाहा, म्हणजे सोनं आधी त्याच्यावर चढेल.

एका वेळी एकच बदल करा. तीन आठवड्यांनी पुन्हा टेलिंग घ्या, त्याच चाळण्या, तीच आम्लं, तोच क्रम, आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे मांडा. एकूण टेलिंग उतरलं तरी ज्या थरासाठी बदल केला तोच थर उतरला का, ते पाहा. नाही उतरला तर फायदा दुसऱ्याच कारणाने झालाय, बहुधा धातुक बदललंय. जुने ब्लॉक आणि सॅम्पलचा राखीव निम्मा भाग फेकू नका. पाकिटावर तारीख, शिफ्ट, त्या दिवशीचं मिलचं टनेज, दळणाचा आकडा आणि धातुक खाणीच्या कुठल्या भागातलं, एवढं पेन्सिलीने लिहा. शाई दमट कपाटात पुसून जाते.